खरवड

मडकं स्वतः काही सांगत नाही.
माती डोंगराच्या वयाची,
तिला विचारून उपयोग नाही.
बोलली तर बोलते आतल्या कडेला चिकटलेली खरवड,
नखाएवढी, काळी,
कुणाच्या तरी हातून करपलेली.

नोवोसिबिर्स्क. बाहेर उणे एकतीस.
रइसा पासार पात्याच्या टोकाने ती सोडवते,
श्वास आवरून,
कारण हा कण फुंकरीने उडतो.
मग ॲसिड, मग अल्कली, मग पुन्हा ॲसिड,
मुळांचा रस, थरातली ओल,
खणणाऱ्याच्या बोटांचं तेल
सगळं निघून जावं म्हणून.
उरतं ते मोहरीच्या दाण्याच्या चतकोर.
तेही जाळायचं.

तीन आठवड्यांनी आकडा येतो:
नऊ हजार चारशे, अधिक-उणे चाळीस.
आणि त्याच चुलीतलं पाइनच्या बीचं टरफल,
एकाच शरदात वाढलेलं, एकाच संध्याकाळी फोडलेलं,
म्हणतं, नऊ हजार.

म्हणजे रस्सा चुलीहून चारशे वर्षांनी म्हातारा.

'नमुना नासलाय,' वादिम म्हणतो, 'टाकून दे.'
रइसा नायट्रोजनचा रकाना दाखवते.
'नासलेला नाही. मासा आहे.'

केता मासा.
खोल समुद्राचं शिळं पाणी मांसात मुरवून
अमूरमध्ये वर चढत येतो,
अंडी घालायला आणि मरायला.
ताजा पकडला तरी
चारशे वर्षं अंगात असतातच.

हे तिला यंत्राआधी ठाऊक नव्हतं.
पण करपलेल्या केताचा वास ठाऊक होता:
केशाने भांडं चुलीवर ठेवायचं,
किनाऱ्यावर होडीचं इंजिन खोकलं की
उठून जायचं,
आणि मग तिने, सात वर्षांच्या रइसाने,
नदीच्या वाळूने तळ घासत बसायचं,
रडत,
लोखंड चकचकीत होईपर्यंत.

ती वहीत लिहिते:
नमुना ३३१८. मासे. चारशे वजा.
त्या बाईचं, की बाप्याचं, की पोराचं
लक्ष नेमकं कुठे गेलं होतं,
याला रकाना नाही.

कुत्री भांडली असतील.
किंवा पलीकडून कुणी हाक मारली असेल.
किंवा कुणीच नाही, नुसतं पाणी बघत बसलं असेल कुणी.

एवढं नक्की, की त्या दिवशी
भांडं घासायला कुणी बसलं नाही.

वादिम दिवा घालवतो.
रइसा आपला चहाचा मग उचलते,
तळाशी तपकिरी कडं.
नळ सुरू करते. मग
बंद करते.