गुरुवारी पाणी बंद

अण्णा पाणी पीत नाहीत.
"आज गुरुवार," म्हणतात, "लाइन बंद."
काल मंगळवार होता, तोही गुरुवारच होता.

एकतीस वर्षं ह्या माणसानं पुण्याला पाणी सोडलं.
पहाटे साडेतीनला सायकलच्या दांडीला
ती लांब लोखंडी चावी बांधून निघायचे,
रस्त्यातलं झाकण उचलून मोजून अठरा फेरे,
की नवी पेठेत बादल्या वाजायला लागायच्या.
नाव कुणाला माहीत नव्हतं.
पाणी आलं नाही की मात्र
सगळ्यांना घर सापडायचं.

मागच्या मार्चमध्ये एका रात्रीत बदलले.
आदल्या दिवसापर्यंत मला निदान ठोंबरे म्हणायचे
(ठोंबरे म्हणजे त्यांचा जोडीदार, कधीच गेला).
त्या रात्री मी कुणीच नव्हते.
भिंतीवरून पाणी उतरतंय म्हणून
चादरीनं पुसत राहिले पहाटेपर्यंत,
मला ढकललं, आणि सकाळी
हाक मारली तरी डोळा उघडेना.
ताप नाही. खोकला नाही.
भाऊ फोनवर म्हणाला, वाढला असेल आजार, असंच असतं.
मीही हो म्हटलं. हो म्हणणं सोपं होतं.

चादर धुवायला उचलली कुंदाताईंनी
आणि तिथंच थांबल्या.
"ताई, हा वास रोजचा नाही."

मग रिक्षा, दवाखाना, लघवीची बाटली,
तिसऱ्या दिवशी कागद: जंतू एक लाखाच्या वर.
एवढ्या वस्तीला अण्णांनी
एका चावीत पाणी दिलं असतं.
डॉक्टर तांबट म्हणाले, आत कोरडं पडलं
की हे असं माजतं. ह्यांना तहान लागते,
पण ती तहान आहे हे कळत नाही.
सांगायची तुम्हीच.

सलाईनच्या नळीवर ते छोटं पांढरं चाक असतं ना,
अण्णांचा अंगठा सारखा तिकडे जायचा.
नर्स म्हणाली, हात बांधूया.
नको म्हटलं. प्रेशर बघतायत ते.

पाचव्या दिवशी:
"ठोंबरे, आज उशीर केलात."
मी जिन्यात जाऊन रडले,
पुन्हा ठोंबरे झाले म्हणून.

आता त्यांच्याच जुन्या रजिस्टरात लिहिते.
वेळ, फेरे, दाब, असे रकाने आहेत.
सात वाजता चहा, अर्धा कप.
साडेआठ: पेज, चार चमचे, एक सांडली.
अकरा: कलिंगडाच्या फोडी, बिया काढून.
दाबाच्या रकान्यात लघवीचा रंग.
गोळ्यांचा कोर्स पूर्ण, मधे बरं वाटलं तरी.
दर तीन तासांनी कोमट पाणी, मऊ फडकं,
कोरडं करणं, आणि तेव्हा
त्यांच्याकडे न बघता हवेबद्दल बोलणं.

पण घोटभर साधं पाणी?
तोंड घट्ट मिटलेलं.
विनवलं, चिडले, एकदा ग्लास आपटला,
त्याचा टवका अजून ओट्याखाली आहे.

मग एका दुपारी वैतागून म्हटलं,
"साहेब, दत्तवाडीतून तक्रार आलीय.
पाण्याला वास येतोय. सँपल आणलंय."

ताठ बसले. ग्लास उजेडाला धरला.
हनुवटी खाली घेऊन एक घोट,
तोंडात फिरवून, गिळून.
"क्लोरीन जास्त."
दुसरं सँपल आणलं.
"हं. बरं आहे."
तिसऱ्याला "पास" म्हणाले.
दोनशे मिली. मी रजिस्टरात
लाल पेनानं लिहिलं.

रोज जमत नाही. कधी सगळीच सँपलं नापास.
खऱ्या गुरुवारी तर नळ सोडला
की नुसती हवा फुसफुसते,
आणि ते माझ्याकडे असे बघतात:
सांगितलं होतं ना?

परवा ग्लास अर्ध्यावर ठेवून
त्यांनी माझ्याकडे सरकवला.
"टोकाच्या घरांना पोचतंय का, ठोंबरे?
बघून घ्या."
साडेतीन वाजले होते.
सकाळच्या चहानंतर
मी काहीच प्यायले नव्हते.