सहावं काडतूस

पापाची तिकटी ओलांडली की उजव्या हाताला
आमचं दुकान. सहा फूट रुंद.
डावीकडून पायताणांच्या कातड्याचा वास,
आत घासलेटचा.
मधे अब्बा, दस्तगीर शिकलगार,
पोराला पायांवर घेऊन न्हाऊ घालावं
तशी बंदूक मांडीवर आडवी.

इंगळे सरकार आले सदुसष्ट सालच्या शिमग्यानंतर.
म्हणाले, डुक्कर मारायचंय दाजीपूरच्या अंगाला.
रायफलीनं नव्हे. रायफलीनं कोणबी मारतंय.
ह्यानं.
आणि कमरेचं रिव्हॉल्वर फडक्यावर ठेवलं.

अब्बांनी हत्याराकडं नंतर बघितलं.
आधी सरकारांचा पंजा हातात घेतला,
अंगठ्याचं मूळ दाबून पाहिलं.
"हे चार इंची भांडणाचं आहे, सरकार. शिकारीला सहा इंची घ्या.
आणि किती जवळ जाणार?"
"वीस पावलं."
"दहा म्हणा. बंदुकीला अंतर चालतं,
ह्याला धीर लागतो."

म्यान रामा सातपुत्यानं शिवलं.
अब्बांनी त्याचं बक्कल काढायला लावलं,
करडीच्या तेलात आठ दिवस मुरवलं.
कातडं करकरलं की डुकराला कळतं,
त्यापेक्षा माणसाचा घाम परवडला.

मग काडतुसं.
विलायती डबा, झाकणावरचं चित्र पुसट,
किती पावसाळे खाल्लेला कोण जाणे.
टोक मऊ शिशाचं बघा, अब्बा सांगत होते,
कडक टोक आरपार निघून जातं
आणि मेलेलं डुक्कर तुमच्यामागं धावत राहतं.
हिरवट डागाची दोन त्यांनी डाव्या ताटलीत टाकली.
उरलेलं एकेक कानाशी धरून हलवलं.
सुकी दारू सळसळते, सुपातल्या राळ्यासारखी.
दमट दारू गप्प.

मी नऊ वर्षांचा, त्यांच्या गुडघ्याशी.
पाच सळसळली. पाची उजवीकडं.
सहावं हलवलं.
काहीच नाही.
अब्बांनी मान डोलावली
आणि ते उजवीकडंच ठेवलं.

तेव्हा मला कळलं
की चाळीस वर्षं नळ्या तपासता तपासता
अब्बांचे कान केव्हाच गेलेत.
दूरची अजान न ऐकताच ओठ हलावेत
तशी ती मान हलत होती.

मी बोलायला पाहिजे होतं.
पण सरकार समोर चहा पीत बसलेले,
आणि अब्बांच्या कानाची कीर्ती
पार गडहिंग्लजपर्यंत.
मी रस्त्याकडं बघत राहिलो.
समोरच्या कट्ट्याला म्हैस पिळणं चाललं होतं,
दोन पैलवान पेले घेऊन उभे.
धारेचा आवाज किती स्वच्छ येत होता.

दहाव्या दिवशी सरकार काठी टेकत आले.
मांडीला बावीस टाके. रागावले नव्हते.
"पाच झाडांनी खाल्ली, ती चूक माझी.
सहाव्याला ते अंगावरच होतं.
घोडा पडला. टक्."
आणि काडतूस फडक्यावर ठेवलं,
बुडाला घोड्याचा खळगा, तांदळाएवढा.

अब्बांनी ते कानाशी नेलं, हलवलं,
मग माझ्या कानाशी धरलं.
बोलले नाहीत. माझ्या तोंडाकडं बघत राहिले,
आणि मी मान खाली घातली.
दुसऱ्या दिवसापासून डबा माझ्यापुढं.

शिकार बंद झाली. सरकार त्याच लंगड्या पायानं गेले.
आता पोरी येतात, एअर पिस्तूलवाल्या, छर्रे निवडायला.
शर्वाणी चौगुले, इयत्ता नववी,
एकेक छर्रा काचेवर घरंगळवते,
वाकडा गेला की भुवई वर करते.
मी उगाच एखादा कानाशी नेतो.
छर्र्यात वाजण्यासारखं काही नसतं,
तिला माहीत आहे, हसते.
"काका, हा चालेल?"

"नाही चालायचा," मी म्हणतो,
समोरच्या पायताणवाल्यानं वळून बघावं एवढ्या मोठ्यानं.
मलाही हल्ली कमीच ऐकू येतं.
ड्रॉवरमधलं ते सहावं
अजून हलवून बघतो अधूनमधून.