ओली पट्टी

चाल्यापाताच्या अलीकडे डॉज पुन्हा बंद पडली.
मागे मिठाची पोती.
एउसेबियो म्हणाला, पेट्रोलच येत नाही.
निल्दानं नळी चोखली, थुंकली:
येतंय की.

मग प्लगची वायर इंजिनाशी धरली.
मार स्टार्टर.
ठिणगी नाही.

सकाळी, गार असताना,
हीच एका हाकेत उठते.
तिनं कॉइलला बोट लावलं, झटकन मागे घेतलं.
डोक्याचा रुमाल भिजवून
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा
तसा ठेवला.

दोघं चाकाच्या सावलीत बसली.
एक लामा येऊन बघून गेला.

पाऊण तासानं ठिणगी. बारीक, निळी.

गिअर टाकताना एउसेबियो पुटपुटला,
पेट्रोलमध्येही कचरा होताच.
असेल, ती म्हणाली.
रुमाल काढू नकोस.