नमुना क्रमांक ४१७

सहाव्या सेमिस्टरला विषय मिळाला: शेंगाचटणीची टिकवण.
गाईड म्हणाले, घरचंच आहे की तुझ्या, सोपं जाईल.

आमच्या घरी चटणी कधी टिकली नव्हती.
ती संपायची.
आई कांडायची ती नव्या पेठेतल्या दुकानासाठी,
आमच्या भाकरीला उखळाच्या तळाशी चिकटलेली,
तेल सुटलेली, थोडी लोखंडाची चव असलेली.

पाकिटं साठ दिवस अडतीस अंशांच्या कपाटात.
एप्रिलात कपाटाबाहेरच त्रेचाळीस.
लॅबचे चनवीरमामा हसले:
मशीन कशाला बे, खिडकीत ठेव की.

दर दहा दिवसांनी ब्युरेटखाली बसायचं.
थेंब. थेंब. फ्लास्कमधला निळा रंग
जाईन जाईन म्हणत राहतो
आणि पापणी लवते तेवढ्यात गेलेला असतो.
मग आकडा लिहायचा, दशांशचिन्हासकट.
ज्याला घरी नुसतं खवट म्हणतात
त्याला वहीत तीन ओळी लागतात.

शेवटी चवीची चाचणी.
नऊ गुण म्हणजे फार आवडली, एक म्हणजे मुळीच नाही.
माणसं कुठून आणणार? आई, हत्तुरेकाकू,
वरच्या मजल्यावरच्या श्रीलताक्का, मागावरून थेट आलेल्या,
केसांत सुताचे तंतू.
चार वाट्या, चार नंबर, मधे पाण्याचा घोट.

काकूंनी पाच दिले, सात दिले, विचार करून.
अक्कांनी ४१७ला दोन दिले आणि चूळ भरली.
आईनं चारही ठिकाणी नऊ.

नीट चव घे ना.
घेतली की.
मग सगळ्या सारख्याच?
अन्नाला नावं ठेवू नयेत, रेवण.

गाईडनी त्या रकान्याभोवती लाल गोल काढला
आणि शेजारी लिहिलं: पॅनेल अप्रशिक्षित.
एकोणीस वर्षं मुसळ धरलेली बाई.
मी काही बोललो नाही. मार्क त्यांच्या हातात होते.

पण त्या रात्री पाणी प्यायला उठलो
तर तीन वाट्या धुऊन पालथ्या घातलेल्या,
आणि चौथी ओट्याच्या पार कोपऱ्यात,
वर ताटली झाकलेली,
कुणाचा चुकून हात जाऊ नये अशी.
उचलून तळाची चिठ्ठी बघितली.
साठाव्या दिवसाची.

प्रबंधात एवढंच राहिलं.
त्याला रकाना नव्हता.