काळा चौकोन

वडगावात, आमच्या बोळात,
मुगळींच्या कौलाखाली एक डोळा बसला
गणपती बोळवले त्याच्या दुसऱ्या दिवशी.
सुताची दोन पोती चोरीला गेलती त्यांची,
म्हणून कुणी काही बोललं नाही.
ज्याचं गेलंय त्याच्यापुढं
बोलायचं तरी काय?

पण डोळा त्यांच्या दाराशी थांबत नव्हता.
दारावरनं सरकून, भिंत उतरून
आमच्या परड्यात यायचा:
न्हाणीची मोरी, वाळत घातलेले परकर,
कांड्या भरायचा माझा चरखा,
आणि ती पायरी
जिथं मी केस सोडून उन्हात बसते.

रात्री तांबडा ठिपका.
विडीच्या टोकासारखा.
पण विडी विझते.

पायरी सोडली मी.
न्हाणीच्या दाराला चादर बांधली.
"साठीच्या बाईकडं कोण बघूलालंय?"
म्हणाले आमचे हे, पेपरातनं मान वर न काढता.
कोण बघतंय ते कळत नाही,
तेच तर.

शिवपुत्रप्पाला सांगून बघितलं.
"तुमच्या घराची पण राखण होऊलालीय की, द्वारकाक्का,
फुकटात."

महानगरपालिकेत तिसऱ्या टेबलाला
एक पोरगं बसलेलं, जेवणाचा डबा अर्धा उघडून.
"नियम हाय," म्हणालं.
"आपलं दार बघावं, आपला जिना बघावा,
दुसऱ्याची न्हाणी बघू नये.
अर्जी द्या. कन्नडदल्ली."

कन्नड मला येतं.
बाजारात येतं, दवाखान्यात येतं,
भांडणात तर मराठीपेक्षा बरं येतं.
पण कागदावर ती गोल अक्षरं
गुंतलेल्या सुतासारखी,
टोकच सापडत नाही.

आमच्या बोळात सुबक कन्नड लिहिणारी एकच.
गौरव्वा.
शिवपुत्रप्पाची बायको.

तो गोकाकला गेलाय बघून
पदराखाली कागद घेऊन गेले.
वाटलं, हाकलेल.
तिनं आत घेतलं, दार लोटलं,
पोराच्या दप्तरातलं पेन काढलं.
मी चार ओळी सांगितल्या.
ती लिहीतच राहिली.
चहा निवला, वर साय धरली,
तरी लिहीत होती.
खाली मी माझी सही केली, मराठीत.

टेबलावरच्या पोरानं मोठ्यानं वाचलं.
न्हाणी, परडं, पायरी, सगळं बरोबर.
मग अडखळलं. माझ्याकडं बघितलं.
"ही शेवटची ओळ पण तुमचीच?"
काय लिहिलंय, मी विचारलं.
"बाई कोपऱ्यावर तेल आणायला गेली,
तर नवरा गोकाकातनं फोन करतो:
अकरा मिनिटं कुठं होतीस."

खिडकीबाहेर एक टेम्पो मागं येत होता,
त्याचं ते टुंग टुंग संपेपर्यंत मी थांबले.
"लिहिलंय न्हवं?
मग माझीच."

पंधरा दिवसांनी माणूस आला, शिडी घेऊन.
डोळा वळेना, मधी गटाराचा पाइप.
मग मोबाईलवरच काहीतरी केलं त्यानं.
शिवपुत्रप्पानं स्वतः आणून दाखवलं, रागानं:
"बगा. झालं समाधान?"
बघितलं.
त्यांचं दार, त्यांचा जिना, शेवग्याची एक फांदी,
आणि आमच्या परड्याच्या जागी
तव्याच्या बुडासारखा काळा चौकोन.

शेवटच्या ओळीचं कुणी काही केलं नाही.
त्याचं टेबल वेगळं, म्हणे.
कुठल्या मजल्यावर, ते सांगितलं नाही.

आता पायरीवर बसते मी परत.
मागच्या भिंतीला, माझ्या बाजूनं,
दोन चिरे रचून ठेवलेत, पाय ठेवायला.
दुपारी माग थांबले, बोळ गप्प झाला
की गौरव्वा भिंत ओलांडून येते.
तिकडं मोबाईलमध्ये
त्यांचं दार बंदच दिसत असणार.

ती केस सोडते.
मी तेलाची वाटी पुढं सरकवते.
बोलतो, थोडं तिच्यात, थोडं माझ्यात.
अकरा मिनिटं.
कधी बारा.