अर्धा सेकंद उशिरा

नव्या मिररलेसचे अजून चौदा हप्ते बाकी आहेत.
सेकंदाला वीस फोटो, आणि आवाज शून्य.
दांडिया बाजारातल्या लग्नात नवरीचा मामा
फोटो निघून गेल्यावरही पोट आत ओढून उभा,
शेवटी केयूरच ओरडला,
"थई गयुं, काका, श्वास लो!"

बाबांचा कॅमेरा साबणाच्या वडीएवढा.
दोन पेन्सिल सेल, सात मेगापिक्सेल,
मनगटात अडकवायची दोरी तुटली
तिथे पायजम्याची नाडी.
विम्याचे सर्व्हेअर होते ते.
मकरपुऱ्यातली जळकी गोदामं,
छाणीकडची भिजून मोड आलेली शेंगदाण्याची पोती,
वाकलेलं शटर, फुटलेली बरणी,
आणि कोपऱ्यात नारिंगी तारीख.
सेल बदलले की ती परत
१ जानेवारी २००५ वर जाऊन बसायची.
"फार लांबला हा दिवस," बाबा म्हणायचे,
आणि तशीच राहू द्यायचे.

बटण दाबलं की तो आधी विचार करी.
लेन्स जरा पुढे, जरा मागे, घर्र,
अर्धा सेकंद.
तेवढ्यात जग सरकून गेलेलं असे.
पुराच्या वर्षी विश्वामित्रीतली मगर
टाइल्सच्या गोदामाच्या पायरीवर आली होती.
फोटोत नुसती ओली पायरी.
कंपनीने लेखी विचारलं, मगर कुठे आहे?
बाबांनी लेखी कळवलं,
"होती. फोटोच्या आधी."

आमच्या घरचे सगळे फोटो असेच, नंतरचे.
हसून झालेला दादा.
विझलेल्या मेणबत्तीचा धूर, धुरामागे मी.
आईची तर मान कायम वळलेली,
दूध उतू गेलं का ते बघायला.

कॉलेजात शिकून आल्यावर मी त्यांना समजावलं होतं,
नखाएवढा सेन्सर, अंधारात पडणारे दाणे,
आणि हा उशीर, ज्याला नाव असतं.
आता असे कॅमेरे निघालेत, बाबा,
जे बटण दाबायच्या आधीचंसुद्धा टिपतात.
त्यांनी सगळं ऐकलं. सेल काढून शर्टाला पुसले.
"मला नुकसान झाल्यावरच बोलावतात गं.
आधी पोचून मी करू काय?"

तेराव्याला घर भरलेलं.
हातांना काही सुचेना, की ते कॅमेऱ्याकडे जातात.
दारात उभी राहून मी तो डोळ्याला लावला.
डोळे शोधणारा हिरवा चौकोन निघाला,
आत्याच्या चष्म्यावर अडखळला,
दादाच्या खाली घातलेल्या मानेवरून घसरला,
आईपाशी गेला, तर ती वळून स्वयंपाकघराकडे बघत होती,
आणि पाटावर, झेंडूच्या हारामागे,
बाबांच्या डाव्या डोळ्यावर जाऊन बसला.
मी जरा डावीकडे झाले. तो तिथेच.
मी खाली वाकले. तिथेच.

तो फोटो त्यांच्याच वडीतला.
रोज सकाळी निघताना सेल चालतात का बघायला
हात लांब करून ते एक स्वतःचा काढत
आणि लगेच पुसून टाकत.
हा एक पुसायचा राहिला.
रावपुऱ्यातल्या लॅबवाल्याने मोठा करून दिला,
"फाटेल हं ताई," असं आधीच सांगून.
गालावर रव्यासारखे दाणे,
नाकावर फ्लॅशचा पांढरा डाग,
तारीख तीच, लांबलेली.
आणि चेहरा,
बटण दाबून झालं, आता निघू,
असं समजून सैल सोडलेला.

मी बटण दाबलं.
खोलीत कुणाला ऐकू गेलं नाही.
बोट मात्र अर्धा सेकंद उचललं गेलं नाही.
दहा फोटो निघाले.
दहाही सारखे.
एकही पुसलेला नाही.