उलटी बाजू

खडे बाजारात, रेडिओ दुरुस्तीच्या टेबलावर
चहाच्या कपाखाली गेलेली छोटी तबकडी.
लेबलवर तपकिरी वर्तुळ, त्यातून वाचलेलं एवढंच:
कु. शैला मुतग

एका बाजूला मराठी, उलटीला तीच चाल कानडीत.
बोंगो, अॅकॉर्डियन, स्कूटरचा हॉर्न,
आणि सतराची मुलगी ठसक्यात म्हणते, नाही येत जा.

खानापुरात सापडल्या. पिको-फॉलचं दुकान,
पाटीवर दुसरंच आडनाव.
मी मोबाइलवर लावलं.
मशीन थांबलं नाही,
पाय तेवढा तालावर आला.

"सर्दी होती की मला त्या दिवशी," म्हणाल्या.
मग दोरा दातानं तोडून
कानडी कडव्यातला एक शब्द हलकेच म्हटला,

जिथून महिनाभर माझी सुई
उडत होती.